दिवाणजी जेवत नाहीत

आमच्या घरात पानात पडेल ते खावं लागे. कारल्याची भाजी असो, शेपू असो, की बाबांच्या पथ्याचा बिनतेलाचा दुधी असो, कोणी नाक मुरडलं की बाबा आवाज न चढवता म्हणत, "ते पानात आहे ना? मग ते तुझं आहे." मी आणि माझा दादा या एका वाक्यावर वाढलो. म्हणून आज साठी उलटून गेल्यावरही मी लग्नाच्या पंगतीतून ताट धुतल्यासारखं स्वच्छ करून उठते आणि सुना एकमेकींकडे बघून हसतात. हसू देत. हा नियम आमच्या घरात फक्त एकाने मोडला, आणि त्यापुढे बाबांनीही हात टेकले. त्याचं नाव दिवाणजी. तो सरडा होता.

सरडा म्हणजे कुंपणावर बसून मान हलवतो तो नव्हे. हा रंग बदलणारा. दादा तेव्हा नुकताच प्राणिशास्त्र घेऊन कॉलेजात जायला लागला होता, त्यामुळे त्याने लगेच 'शॅमेलिऑन' असं नाव सांगून टाकलं. शेजारपाजारचे त्याला 'काचिंडो' म्हणत. बोटं चिमट्यासारखी, शेपटी जिलबीसारखी गुंडाळलेली, आणि डोळे असे की एक छताकडे तर दुसरा तुमच्याकडे. डोक्यावर मागच्या बाजूला उंच उचललेला एक कंगोरा होता, तो हुबेहूब पगडीसारखा दिसे. त्यात त्याची चाल. एक पाय उचलायचा, तो हवेत धरून जरा विचार करायचा, अर्धा मागे घ्यायचा, मग टेकायचा. बाबा म्हणाले, "हा तर संस्थानातला दिवाण दिसतोय." आमच्या पणजोबांनी बडोद्याच्या दरबारी कचेरीत जन्मभर कारकुनी केली होती. दिवाणकी काही आमच्या घराण्याला लाभली नाही, ती अशी सरड्याच्या रूपाने घरी आली.

तो सापडला डभोईच्या रस्त्यावर. बाबांच्या कारखान्यातल्या कोणाचं तरी लग्न होतं. दूधपाक-पुरीचं जेवण जेवून मी आणि बाबा स्कूटरवरून परतत होतो आणि हे महाशय भर रस्त्यात मध्यावर उभे, पुढचा पाय हवेत. समोरून ट्रक येत होता. बाबांनी स्कूटर कडेला घातली, धावत गेले, आणि लग्नात मिळालेल्या नारळाच्या कापडी पिशवीत त्याला अलगद ढकलून घेऊन आले. तो नारळ मी मांडीवर धरून घरापर्यंत आणला. (आज असा प्राणी घरात ठेवणं हा गुन्हा आहे, आणि तो असायलाच हवा, हे मी माझ्या नातीला आधीच बजावून ठेवलं आहे. नाहीतर हे वाचून ती डभोई रस्त्याला निघायची.) बाबांचा विचार त्याला पुढच्या झाडावर सोडून द्यायचा होता, पण मी इतका धोशा लावला की शेवटी ते म्हणाले, "ठीक आहे. खातोय तोवर राहील. ज्या दिवशी खायचं बंद करेल, त्या दिवशी मी त्याला इथेच आणून सोडणार. तेव्हा रडारड चालायची नाही." मी मान डोलावली. त्या वयात मी कशालाही मान डोलावली असती.

बडोद्याच्या समा भागात तेव्हा नव्या सोसायट्या उठत होत्या आणि आम्ही एका टेनामेंटमध्ये राहत होतो. दोन घरं पाठीला पाठ नव्हे तर खांद्याला खांदा लावून बांधलेली, मधली भिंत एकच. पलीकडे कोकिलामासी. त्यांच्या ओट्यावर हिंडोळा होता, त्याच्या कड्यांचा कुई-कुई आवाज सकाळपासून सुरू होई, आणि तो थांबला की मासी देरासरात, म्हणजे जैन मंदिरात, गेल्या हे आम्हाला घरात बसून कळे. आमच्या बाजूला ओट्याला बाबांनी डासांसाठी बारीक जाळी मारून घेतली होती. त्या जाळीच्या आत आईची मोठ्या कुंडीतली जास्वंद होती, आणि ती दिवाणजींना राहायला दिली. आई सकाळी जास्वंदीवर हाताने पाणी शिंपडायची आणि तो पानांवरचे थेंब चाटायचा. भांड्यातलं पाणी त्याने कधी प्यायलं नाही. मी वाटी ठेवून पाहिली, चमचा तोंडाशी धरून पाहिला. तो एक डोळा माझ्याकडे आणि एक चमच्याकडे करून बघायचा आणि शेवटी दोन्ही फिरवून घ्यायचा.

खाण्याचं मात्र सुरुवातीला छान चाललं. घरामागे मोकळा प्लॉट होता, गुडघाभर गवत वाढलेलं, आणि त्यात हिरवे नाकतोडे हवे तेवढे. शाळेतून आले की दप्तर टाकायचं, आईने ठेवलेलं थालीपीठ हातात घ्यायचं आणि प्लॉटमध्ये घुसायचं. एका हाताने खायचं, दुसऱ्या हाताने धरायचं. नाकतोडा जास्वंदीच्या फांदीवर सोडला की दिवाणजी अंगाने जागचा हलत नसे, नुसते दोन्ही डोळे एका जागी आणी. मग तोंड थोडं उघडे, आणि पुढचं कधी दिसलंच नाही. फांदीवरचा नाकतोडा गेलेला असे आणि दिवाणजी शांतपणे चावत बसलेला असे. मला त्याचा इतका अभिमान वाटे, जणू ती जीभ मीच शिकवली होती. कारखान्याची बस कोपऱ्यावर भोंगा देई, बाबा उतरत, आणि चप्पल काढण्याआधी विचारत, "दिवाणजी जेवले?" मी म्हणे, "जेवले." मग आमची पानं वाढली जात.

श्रावणात एक दिवस शाळेतून येते तो मागच्या प्लॉटमध्ये माणसं विळे घेऊन गवत कापत होती. कोणीतरी तिथे घरं बांधणार होतं. संध्याकाळपर्यंत प्लॉट साफ झाला, आणि दुसऱ्या दिवशी त्यावर विटांचे ढीग येऊन पडले. नाकतोडे कुठे गेले कोणास ठाऊक. आमच्याकडे मात्र आले नाहीत.

दादा म्हणाला, "त्यात काय? बरंच झालं. रोज एकच एक खाणं वाईटच. त्याला सवय लावायची, सगळं खायची." दादाला बाबांचा नियम किड्यांनाही लागू पडतो असं मनापासून वाटत होतं. मी गुळाचं बोट लावलेली बरणी ठेवून माश्या पकडल्या. कागदाची खिडकी करून एकेक सोडली. दिवाणजींच्या नाकावरून माशी चालत गेली, त्याने डोळासुद्धा हलवला नाही. ट्यूबलाइटखालचे पतंग आणले. त्याने तोंड उघडलं आणि मिटून घेतलं. स्वयंपाकघरातल्या झुरळांचा विषय मी काढला तेव्हा आई भडकली. "आपल्याकडे झुरळं नाहीत." रव्यातल्या अळ्यांचं विचारलं तेव्हा तर तिने माझ्याकडे असं पाहिलं की मी चूल सोडून ओट्यावर पळाले. पण दुपारी सगळे झोपल्यावर तिने एक जुनी डबी मुकाट्याने माझ्या हातात ठेवली. "दादाला सांगू नकोस," म्हणाली. डबीत रवा होता आणि तो रवा चालत होता. मी अळ्या वाटीत घालून फांदीला टांगल्या. दिवाणजी त्या वाटीवर पाय देऊन पलीकडच्या फांदीवर निघून गेला.

मग आम्ही युक्त्या केल्या. सकाळी ऊन अंगावर घेऊन तो तापला की लगेच द्यायचं. आपण पडद्यामागे लपायचं, कारण दादा म्हणे, "तू टक लावून बसतेस म्हणून तो खात नाही. तुझ्या पानात कोणी डोकं घातलं तर तू जेवशील?" एक दिवस उपाशी ठेवून पाहिलं. मी रात्रभर तळमळले आणि तो मजेत झोपला. विटांच्या ढिगाखाली तपकिरी रातकिडे होते, ते ढीगभर आणले, तर त्यांच्याकडे ढुंकूनही पाहिलं नाही. शेवटी दादाच्या डोक्यात एक कल्पना आली. आईच्या फडताळात खाण्याच्या रंगाच्या पुड्या होत्या. त्यातला हिरवा रंग पाण्यात कालवून त्याने कुंचल्याने एका रातकिड्याला रंगवलं. हिरवा रातकिडा फांदीवर चढला. दिवाणजींचे दोन्ही डोळे एका जागी आले. तोंड उघडलं. रातकिडा गेला! दादा "हिरवं! त्याला हिरवंच हवंय!" म्हणून अंगणभर नाचला. त्यानंतर चार-पाच दिवस आमच्या घरात रातकिडे रंगवायचा कारखाना चालला. माझे हात हिरवे, शाळेचा फ्रॉक हिरवा. बाबांनी विचारलं, "जेवले?" मी छाती फुगवून म्हटलं, "जेवले. नवीन पदार्थ." सगळं मार्गी लागल्यासारखं वाटलं.

आणि त्याच आठवड्यात कोकिलामासी आईकडे आल्या. गणपतीच्या आधी जैनांचं पर्युषण येतं, आठ दिवसांचं. मासींनी त्या वर्षी पहिल्यांदा अठ्ठाई करायची ठरवली होती, म्हणजे आठही दिवस अन्नाचा कण नाही, फक्त उकळलेलं पाणी आणि तेही दिवस असेपर्यंत. मासींना शरीराने झेपेल का, याची त्यांच्या घरातही सगळ्यांना काळजी होती. त्या जरा संकोचूनच बोलल्या. "मंगलाबेन, एक वात कहूं? मी बसते ने, ती जागा तुमच्या जाळीच्या सामोरी येते. आठ दिवस एने जरा अंदर ठेवाल? खातो ते माझ्या आंख समोर नको. बस, एटलुंज."

इतकंच. एवढंच त्या म्हणाल्या होत्या. पण आईचा स्वभाव असा की कोणी वाटीभर साखर मागितली तर ही डबा देणार, आणि मासींचं तर देणं लागत होतो आम्ही. मला लहानपणी टायफॉइड झाला होता, बाबांची रात्रपाळी होती, तेव्हा महिनाभर आमच्या घरची चूल मासींनी आपल्या घरात पेटती ठेवली होती. आईला भरून आलं. तिने मासींचे दोन्ही हात धरले आणि म्हणाली, "कोकिलाबेन, तुम्ही निर्धास्त बसा. आठ दिवस आमच्या घरात एक जीव मारला जाणार नाही. आमचा सरडासुद्धा पाळेल." मी दारात उभी होते.  मासी गेल्यावर मी म्हटलं, "आई, तो कसा पाळेल?" आई म्हणाली, "त्याला हिरवं हवंय ना? मग बघ तू."

इथे माझ्या आईबद्दल सांगायला हवं. बडोद्याच्या मराठी मंडळीत आई रुखवतासाठी प्रसिद्ध होती. कोणाच्याही मुलीचं लग्न ठरलं की आईला बोलावणं यायचंच. खव्याचे मोर, भोपळ्याची होडी, हलव्याचे दागिने, काकडीचा पोपट, आणि त्या पोपटाच्या चोचीत खरी मिरची. वराकडच्या बायका रुखवत बघायला येऊन पोपटाला हात लावून बघत. ज्या बाईने काकडीतून पोपट काढला तिला दुधीतून नाकतोडा काढणं काय अवघड? कोवळ्या दुधीची सालासकट फोड, आत पनीर भरलेलं, कोथिंबिरीच्या काड्या मोडून केलेले लांब मागचे पाय, मिरीचे डोळे. दादाने तो पांढऱ्या दोऱ्याला बांधला आणि जाळीवरून हलके हलके झटके देत फांदीपुढे नाचवला.  दिवाणजींचा एक डोळा वळला. मग दुसरा. आणि त्याने जीभ मारली! दोरा तुटला, नाकतोडा तोंडात, कोथिंबिरीचा एक पाय बाहेर लोंबतोय, आणि तो चावतोय. आईने पदर तोंडाला लावला. मला वाटलं ती हसते आहे, पण ती रडत होती.

ही बातमी आईने भिंतीपलीकडे सांगितली. पलीकडून ती उपाश्रयात गेली, जिथे जैन साध्वींची व्याख्यानं चालत. "मराठीबेननो काचिंडो शाकाहारी थई गयो!" दुसऱ्या दिवशी दुपारी व्याख्यान ऐकून परतणाऱ्या बायकांचा घोळका आमच्या फाटकाशी उभा. मग रोजच. कोणी हात जोडी, कोणी नातवाला उचलून दाखवी. "जो बेटा, आ पण पाळे छे," म्हणजे बघ, हासुद्धा पाळतोय. एकीने भक्तिभावाने कुंडीपाशी खडीसाखर ठेवली. तिला मुंग्या लागल्या. मुंग्याही त्याने खाल्ल्या नाहीत. आई सगळ्यांना हसून आत बोलवी, पण मी तिच्याकडे बघत होते म्हणून सांगते, ते हसू ओठांच्या वर जात नव्हतं.

कारण त्या पहिल्या घोळक्याच्या आधीच, त्याच दिवशी सकाळी मी ओटा झाडायला गेले, तर आई कुंडीमागे उकिडवी बसून कागदावर काहीतरी भरून घेत होती. दुधीचा हिरवा गोळा होता तो, पनीर लागलेला, जसाच्या तसा उलटून टाकलेला. तिने वर पाहिलं. मी तिच्याकडे पाहिलं. आम्ही दोघी काही बोललो नाही. ती बोलली असती तर सगळ्या उपाश्रयापुढे खोटी पडली असती, आणि मी बोलले असते तर बाबांनी त्याच संध्याकाळी पिशवी काढली असती. बस आली, भोंगा झाला, बाबांनी विचारलं, "दिवाणजी जेवले?" मी म्हटलं, "थोडं." आई भात वाढत होती. तिचा हात जरा थांबला आणि पुन्हा चालू झाला.

त्यानंतर आईने काय काय केलं! मटाराचे दाणे ओवून सुरवंट केला. पालकात गुंडाळून अळी केली. भेंडीचे टोळ केले, त्यांना मोहरीचे डोळे. आमच्या जेवणाकडे लक्ष नाही, रोज वरणभात आणि कसलीतरी कोशिंबीर, आणि सरड्यासाठी मात्र पाटावर रुखवत मांडलेलं. दिवाणजींनी कशाकडे पाहिलं नाही. एकदा फसला तो फसला. अंगाची कातडी सैल पडून तिला वळ्या पडायला लागल्या. डोळे आत गेले. हिरवा रंग जाऊन चिकणमातीसारखा काळपट झाला, आणि दुपारी ऊन असताना डोळे मिटून बसायला लागला. दादा म्हणाला, "दिवसा डोळे मिटणं चांगलं नाही."  मी रात्री उशीत तोंड खुपसून देवाला सांगत होते की फक्त आठ दिवस जाऊ दे, नवव्या दिवशी मी रातकिडे रंगवते, मग त्याला घेऊन जाऊ नकोस. बाबांनाही नेऊ देऊ नकोस. देवाला आणि बाबांना मी तेव्हा एकाच विनंतीत बसवत असे.

सातव्या दिवशी हरतालिका होती. आईचा निर्जळी उपास. सकाळी वाळूची पिंड करून, पूजा करून, मैत्रिणींकडे जाऊन ती दुपारी ओट्यावर पाटावर येऊन बसली होती, ओठ सुकलेले, आणि जास्वंदीच्या बुंध्याशी दिवाणजी. फांदीवर चढायचं त्याने सोडून दिलं होतं. मी शेजारी बसून पानांवर पाणी शिंपडत होते आणि तो थेंबही चाटत नव्हता. हिंडोळ्याचा आवाज थांबला. मासी मधल्या फाटकातून हळूहळू आल्या. सात दिवसांत त्या निम्म्या झाल्या होत्या. बांगड्या कोपरापर्यंत सरकत होत्या. आई गडबडीने उठायला लागली तर त्यांनी हाताने बसवलं आणि स्वतः जमिनीवर बसल्या. दिवाणजींकडे बघत राहिल्या.  मला वाटलं आता या विचारणार, आज काय केलंत त्याच्यासाठी?

मासी म्हणाल्या, "किती दिवस?"

आईने मान खाली घातली. मग म्हणाली, "पहिल्या दिवशी घेतलं होतं, कोकिलाबेन. ते पण उलटून पडलं. मी सांगितलं नाही तुम्हाला." आणि तिच्या डोळ्यांतून पाणी यायला लागलं. एवढी मोठी माणसं जिच्या रुखवतापुढे तोंडात बोट घालत, ती माझी आई एका सरड्यापुढे हरून मुसमुसत होती.

"मी तो फक्त माझ्या आंख समोर नको म्हटलं होतं, मंगलाबेन. एटलुंज."

"हो. पण मी शब्द दिला."

"तमे दिला. एणे क्यां दिला?" मासींचा आवाज अगदी बारीक झाला होता, एकेक शब्द त्या उचलून ठेवत होत्या. "हूं उपवास करूं छूं, माझ्या मरजीने. तमे आज पाणी पण नाही प्याल्या, तुमच्या मरजीने. आ बिचाराने कोणी पूछ्युं? उपवास तो आपला आपण करायचा असतो, बेन. दुसऱ्याकडून करवला, तो उपवास नाय. भूखमरो." त्या थांबल्या, दम घेतला. मग माझ्याकडे वळल्या. "बेटा, हा कुठून आणला?"

मला उत्तर द्यायचं नव्हतं. मला माहीत होतं त्या उत्तरानंतर काय होणार. दिवाणजींनी त्याच वेळी एक डोळा अर्धवट उघडला. तो माझ्याकडे नव्हता, जाळीकडे होता.

"डभोईच्या रस्त्यावरून," मी म्हटलं.

त्या दिवशी भोंगा झाला, बाबा फाटकातून आत आले, आणि नेहमीचं विचारायच्या आतच मी नारळाची ती कापडी पिशवी त्यांच्यापुढे धरली. बाबांनी पिशवीकडे पाहिलं, माझ्याकडे पाहिलं, चप्पल काढलीच नाही. आई म्हणाली, "मी पण येते." बाबा म्हणाले, "अगं, निर्जळी आहेस, ऊन आहे." ती म्हणाली, "मी पण येते," आणि स्कूटरवर जाऊन बसली. मी पुढे उभी, पिशवी पोटाशी. सगळं गाव ओलांडून गेलो. बाजारात गणपतीच्या मूर्ती मांडलेल्या होत्या. एरवी मी प्रत्येक दुकानाशी थांबा म्हणून ओरडले असते.

डभोई रस्त्याला एका शेताच्या बांधावर बाभळीचं जुनं, दाट कुंपण होतं, वर कसलेतरी वेल चढलेले, खाली गवत. बाबांनी पिशवीचं तोंड एका फांदीला लावून धरलं. दिवाणजी बाहेर येईना. मग एक चिमटा आला, हवेत थांबला, मागे गेला, पुन्हा आला, आणि फांदी धरली. तो संपूर्ण बाहेर आला तेव्हा इतका बारीक दिसत होता की मला वाटलं, हा इथेच पडणार. तो बसून राहिला. आम्ही तिघं उभे होतो. उतरतं ऊन त्याच्या अंगावर पडत होतं आणि मी बघत होते, काळपटपणा पोटाकडून हळूहळू निवळायला लागला.

बाभळीच्या फुलावर एक माशी येऊन बसली. साधी माशी. आमच्या बरणीतल्या माश्यांची सख्खी बहीण. दिवाणजींचे दोन्ही डोळे एका जागी आले, आणि माशी गेली.

मी हात तोंडावर ठेवला. तो दोन पावलं सरकला. पानामागे एक मळकट तपकिरी किडा होता, त्याला कोणी रंगवलेलं नव्हतं. तोही गेला. मग एक पिवळा पतंग. मग वेलीवरची काळी, केसाळ अळी, जिला आमच्या घरात मीसुद्धा हात लावला नसता. तो चावायचा, गिळायचा, डोळे फिरवायचा, आणि पुढे सरकायचा. आई एका हाताने बाबांचा दंड धरून उभी होती आणि पुटपुटत होती, "खातोय हो. खातोय." आणि मी मोठ्याने रडायला लागले. तो जगला म्हणून नाही. मला राग आला होता. मी दुपार-दुपार गुळाची बरणी घेऊन बसले होते, अळ्यांची वाटी टांगली होती, पडद्यामागे उभी राहून पाय सुजवून घेतले होते, आणि हा इथे येऊन पंधरा मिनिटांत सगळं खात सुटला होता, मी समोर उभी असताना! "माझी माशी काय वाईट होती?" मी ओरडले. आई किंवा बाबा कोणीच हसलं नाही. बाबांनी नुसता माझ्या डोक्यावर हात ठेवला. दिवाणजी वेलीत इतका आत गेला की मग हिरवं काय पान आणि काय तो, मला कळेनासं झालं.

परत यायला दिवेलागण झाली. कोकिलामासी प्रतिक्रमणाला, संध्याकाळच्या प्रायश्चित्ताच्या प्रार्थनेला, निघालेल्या, काखेत आसन, पांढरी साडी, सुनेच्या खांद्यावर हात ठेवून फाटकात उभ्या होत्या. घोळक्यातल्या बाकीच्या बायका पुढे गेल्या होत्या. आमची स्कूटर दिसल्यावर त्यांनी सुनेला थांबवलं. आई उतरली. तिला बोलायला तोंडात ओलावा नव्हता आणि मासींच्या अंगात उभं राहायची ताकद नव्हती, तरी दोघी एकमेकींसमोर उभ्या राहिल्या.

"खाधुं?" मासींनी विचारलं.

मी आईकडे बघत राहिले. संवत्सरी, पर्युषणाचा शेवटचा आणि सगळ्यात मोठा दिवस, दुसऱ्या दिवसावर आली होती, समोर सात दिवसांची उपाशी बाई होती, आणि आम्ही आत्ताच चार जीव जाताना उभ्या उभ्या पाहून आलो होतो.

"खाल्लं," आई म्हणाली. "पोटभर."

काय खाल्लं, ते मासींनी विचारलं नाही. त्यांनी डोळे मिटले, सुनेच्या खांद्यावरचा हात काढून छातीवर ठेवला, आणि सगळा श्वास सोडून म्हणाल्या, "हाश."